योग्या, विशिखानुप्रवेश आणि आजचे आंतरवासित्व

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय योग्यासूत्रीय व दहावा विशिखानुप्रवेशनीय आहे. हा क्रम सहेतुक आहे, असे आम्ही मानतो. प्रथम कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदन, मृत पशूंच्या सिरांवर व कमळाच्या देठांवर वेधन. ग्रंथ समजला, कर्म पाहिले, हाताने केले, त्यानंतर राजाची अनुज्ञा आणि मग रुग्णाच्या दारी जाणे. अनुज्ञा शेवटी येते.

आपल्या राज्यात अनुज्ञेचा कायदेशीर इतिहास १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियमापर्यंत मागे जातो. त्यात पदवीधरांची नोंदवही व अनुभवी वैद्यांची सूची वेगळी होती. वडिलांच्या वा गुरूंच्या हाताखाली तयार झालेल्यांना त्या सूचीत स्थान मिळे. १९६१ चा महाराष्ट्राचा अधिनियम व १९७० चा केंद्रीय अधिनियम यांनंतर ही वाट बंद होत गेली. हिंदी साहित्य संमेलन, प्रयाग यांच्या १९६७ नंतरच्या पदव्यांना मान्यता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मुंबईतील सूचीबद्ध वैद्यांच्या संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट केले. भोंदूंना आळा बसला, हे योग्यच झाले. परंतु गुरुगृही होणाऱ्या योग्येचा सारा भार आता तात्पुरत्या नोंदणीवर होणाऱ्या एका वर्षाच्या आंतरवासित्वावर आला.

तो भार पेलला जातो काय? आमचे चिकित्सालय वर्सोव्याच्या कोळीवाड्याजवळ आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की शिंगाळ्याचा काटा हातात मोडलेले रुग्ण वाढतात. अशाच एका कोळीणबाईंच्या बोटावर पू धरला होता. कायम नोंदणी नुकतीच मिळालेले एक वैद्य आमच्याकडे रुजू झाले होते. पक्व व आम शोफाची लक्षणे त्यांनी अचूक सांगितली. शस्त्र हाती घेताच हात कापू लागला. नंतर म्हणाले, "सर, वर्षभरात एकही विद्रधी फोडला नाही. हजेरीची सही मात्र रोज होत असे."

दोष त्यांचा नव्हे. जेथे दिवस मोजले जातात तेथे दिवसच भरले जातात. २०२० च्या राष्ट्रीय आयोग अधिनियमात निर्गम परीक्षेची तरतूद आहे. तिचे स्वागत असो, पण प्रश्नपत्रिकेला हात दिसत नाही. आंतरवासियाने कोणते कर्म किती वेळा पाहिले, किती वेळा साहाय्य केले, किती वेळा स्वतः केले, याची मार्गदर्शकाच्या नावानिशी नोंद झाल्याखेरीज कायम नोंदणी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सही करणाऱ्यासही मग उत्तर द्यावे लागेल. १९८८ मध्ये स्थापन झालेले नवी दिल्लीचे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ पदवीधरांना गुरु-शिष्य परंपरेने शिकवीत आहे. त्याच धर्तीवर आंतरवासित्वाचे दोन महिने तरी अनुभवी वैद्याच्या चिकित्सालयात मान्य व्हावेत. (रुग्णालयांना मनुष्यबळ कमी पडेल, हा आक्षेप येणारच.)

त्या दिवशी आम्ही त्यांचा हात धरून भेदन केले. बाई म्हणाल्या, "शिकू दे त्याला, पन हळू." पुढचे तीन महिने कोहळे आमच्याच खर्चाने येत होते.