नाचणीच्या माल्टाचा गोड काढा : एकपात्री विद्युत्-संचांतील दोष व त्यांवर उपाय

उल्हास नदीच्या खोऱ्यांत, अंबरनाथ व बदलापूर ह्यांच्या भोंवतालच्या गांवीं, खालच्या खाचरांत भात आणि वरच्या वरकस जमिनींत नाचणी व वरी, अशी पिकांची जुनी वहिवाट आहे. अलीकडे ह्या जमिनींत इमारतींचेंच पीक अधिक येऊं लागलें आहे. तथापि ज्यांनीं शेत राखलें आहे, त्यांस नाचणी नुसती विकण्यापेक्षां तिचा कांहीं पदार्थ करून उल्हासनगरसारख्या दाट वस्तीच्या पेठेंत विकावा असें वाटतें, आणि तें योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांनीं 2023 हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हांपासून ह्या धान्यांची चर्चा शहरांतही होऊं लागली आहे.

ह्या कामीं आमच्या कांहीं बांधवांनीं एकाच पात्रांत सर्व क्रिया करणारा विजेचा संच आणला आहे. पोलादी उभें पात्र, तळाशीं तापविणारा पट्टा, आंत धान्य धरणारी छिद्रांची बादली, खालचें पाणी वर आणून धान्यावर सोडणारा लहान पंप, उष्णतेचा आंकडा दाखविणारी व राखणारी कळ, आणि शेवटीं निवविण्यासाठीं नळीचें वेटोळें, अशी त्याची रचना असते. पीठ ऊन पाण्यांत ठराविक उष्णतेवर धरून ठेवण्याच्या क्रियेस आपण येथें ‘मुरवण’ म्हणूं, व त्यांतून उतरणाऱ्या गोड पाण्यास ‘काढा’ म्हणूं.

येथें एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करणें अवश्य आहे. असे संच मुळांत परदेशांत घरगुती बिअर करण्यासाठीं निघाले. आपल्या राज्यांत 1949 चा दारूबंदी कायदा लागू असून परवान्यावांचून बिअर करणें हा गुन्हा आहे. सबब काढा आंबविण्याच्या क्रियेशीं ह्या लेखाचा संबंध नाहीं. आम्ही गोड काढ्याशींच थांबतों. तो दुधांत घालून, अथवा काकवीसारखा आटवून, घरांतील लहानथोरांस देतां येतो. लहानांच्या तोंडीं जाणारा पदार्थ म्हणूनच त्यांतील चूक क्षुल्लक मानूं नये.

बहुतेक अडचणींचें मूळ एकच आहे. संच जवाच्या माल्टासाठीं बनलेला, आणि आपण त्यांत नाचणी घालतों. जवाच्या दाण्यास जाड तूस चिकटलेलें असतें, नाचणीस तसें नसतें. जवाचें पिष्ट 60 अंशांच्या आसपास फुगून मऊ होतें, नाचणीच्या पिष्टास सुमारें 65 ते 70 अंश उष्णता लागते. (ह्या लेखांतील सर्व अंश सेंटिग्रेडचे आहेत.) संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील सूचना हे दोन भेद जाणत नाहींत, ते शेतकऱ्यानेंच जाणले पाहिजेत.

दोष पहिला : काढ्यास गोडी येत नाहीं.

गोडी यंत्रानें येत नाहीं. ती मोड आलेल्या दाण्यांतील पाचक द्रव्यांमुळें येते, ज्यांस एन्झाइम म्हणतात. हीं द्रव्यें पिष्टाचे तुकडे पाडून त्याची साखर करतात. म्हणून पहिला संशय माल्टावर घ्यावा. आपल्याकडे मोड आलेली नाचणी वाळवून, खमंगपणासाठीं खरपूस भाजून दळण्याची चाल आहे. चवीस तें उत्तम असलें तरी भाजण्याच्या आंचेनें पाचक द्रव्यें मरतात. अशा पिठाची मुरवण दिवसभर केली तरी खळच हातीं येईल. नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यांत सुमारें दोन दिवस मोड आणावे, पातळ पसरून कडक वाळवावी, मोड चोळून काढावे आणि भाजूं नये. खमंगपणा हवाच असेल, तर दहावा हिस्सा निराळा भाजून मिसळावा.

माल्ट जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोपी रीत अशी. साध्या नाचणीच्या पिठाची दाट पेज शिजवावी, ती बोट जेमतेम सोसणार नाहीं इतकी, म्हणजे सुमारें 65 अंशांपर्यंत, निवूं द्यावी, आणि वाटीभर पेजेंत चमचाभर माल्टाचें पीठ घालून ढवळावें. दहा-पंधरा मिनिटांत पेज पळीवरून पाण्यासारखी ओघळूं लागली, तर माल्ट चांगला आहे. ती दाटच राहिली, तर संचास दोष देऊं नये.

माल्ट चांगला असूनही गोडी कमी येते, त्याचें कारण उष्णता. साखर करणारें एक द्रव्य 60 ते 65 अंशांवर उत्तम काम करतें व 70 च्या पुढें लवकर नष्ट होतें. परंतु नाचणीचें पिष्ट तर 65 च्या पुढें फुगतें! म्हणजे पिष्ट मऊ होईपर्यंत त्यास फोडणारा हात थकून जातो. ह्या पेंचांतून सुटण्याची वाट ही : चार किलो पीठ 16 लिटर पाण्यांत 45 अंशांवर अर्धा-पाऊण तास धरावें. नंतर तें स्थिर ठेवून वरची निवळ, एकंदराच्या सुमारें एक तृतीयांश, काढून झांकून बाजूस ठेवावी. पाचक द्रव्यें ह्या निवळींत उतरलेलीं असतात. खालचा गाळ निराळ्या रुंद पातेल्यांत ढवळत दहा मिनिटें उकळावा, 74 अंशांपर्यंत निवूं द्यावा आणि मग राखलेली निवळ त्यांत मिसळावी. दोहोंचें मिश्रण आपोआप 64 अंशांच्या जवळ येतें. आतां तें संचांत घालून तेथेंच एक ते दीड तास राखावें.

संचाच्या आंकड्यावर मात्र डोळे झांकून विसंबूं नये. आंकडा तळाच्या पाण्याचा असतो, धान्याच्या मध्यभागाचा नव्हे. दोहोंत पांच-सहा अंशांचा फरक सहज पडूं शकतो. निराळें उष्णतामापक धान्याच्या पोटांत खुपसून पाहावें. मुरवण पुरी झाली कीं नाहीं हें आयोडीन सांगतें. निवळ काढ्याचे थेंब पांढऱ्या बशींत निववून त्यांवर पातळ आयोडीनचा एक थेंब सोडावा. निळा-काळा रंग आल्यास पिष्ट शिल्लक आहे, पिवळसर-तांबूसच राहिल्यास काम झालें. ही बशी धुवून टाकावी, पात्रांत परत ओतूं नये.

दोष दुसरा : पाणी धान्यांतून खालीं उतरत नाहीं.

जवाचीं तुसें बादलींत गाळणीचा थर करतात. नाचणीच्या बारीक पिठाचा मात्र लगदा होतो, छिद्रें बुजतात, पंप कोरडा ओढूं लागतो आणि वरचें पाणी कांठावरून सांडतें. ह्यावर औषध आपल्याच खळ्यांत आहे, तें म्हणजे भाताचीं तुसें. चार किलो पिठास 200 ते 400 ग्रॅम तुसें स्वच्छ धुवून, एकदां उकळून, पाणी टाकून द्यावें व तीं पिठांत मिसळावीं. तुसें अखंड पाहिजेत. जुन्या हलरच्या गिरणींत तूस व कोंडा एकत्र चुरडून निघतात, तें मिश्रण उलट गाळणी बुजवितें. रबरी रुळांच्या गिरणींतील तूस घ्यावें. पीठही मैद्यासारखें न दळतां भरडच ठेवावें.

तरीही प्रवाह अडला तर पंप ताबडतोब बंद करावा. जोरानें ओढल्यास थर अधिकच घट्ट बसतो. लगदा हलकेच ढवळून दहा मिनिटें बसूं द्यावा आणि तोटी किंचितच उघडून पुन्हां आरंभ करावा. आयोडीनची परीक्षा उतरल्यावर उष्णता 75 अंशांपर्यंत चढविली असतां काढा पातळ होऊन लवकर गळतो.

दोष तिसरा : तळ करपतो व संच मध्येंच बंद पडतो.

छिद्रांतून उतरलेलें पीठ तापविणाऱ्या पट्ट्यावर बसतें व करपतें. पट्टा फाजील तापला म्हणजे रक्षक कळ वीज तोडते. पुष्कळजण यंत्र बिघडलें असें समजून कळ पुन्हां पुन्हां दाबतात. वास्तविक यंत्र आपलें रक्षण करीत असतें. म्हणूनच गाळ निराळ्या पातेल्यांत उकळावा असें वर सांगितलें. संचांत आंच मंद ठेवावी, व वीज जोडलेली काढून लांकडी उलथन्यानें तळ मधून मधून खरवडावा.

उलट तक्रारही येते कीं, संच तापतच नाहीं. खेड्यांत विजेचा दाब 230 व्होल्टांऐवजीं 180 पर्यंत उतरला, तर पट्ट्याची उष्णता सुमारें तीन-पंचमांशावर येते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. तासाचें काम पावणेदोन तासांवर जाईल. ही वेळ आधींच हिशेबांत धरावी.

दोष चौथा : काढा लवकर निवत नाहीं.

हा दोष सर्वांत घातक आहे. एका मे महिन्यांत बदलापूर येथें आम्हीं सायंकाळीं वीस लिटर काढा उकळला, आणि ‘सकाळपर्यंत निवेलच’ म्हणून झांकण घालून ठेवला. सकाळीं वर फेंस आला होता व वास आंबूस होता. सर्व काढा उकिरड्यावर गेला. त्या दिवशीं तो वासानें ओळखूं आला, हें आमचें भाग्य. कांहीं जंतूंचीं बीजें उकळण्यानेंही मरत नाहींत. कोमट, गोड व पिठूळ द्रवांत तीं पुन्हां उगवतात, आणि त्यांचें विष दर वेळीं नाकास कळतेंच असें नाहीं.

नियम असा ठेवावा कीं, 60 अंशांवरून 20 अंशांपर्यंत काढा दोन तासांच्या आंत उतरला पाहिजे, व पुढें चार तासांत शीतपेटींत 5 अंशांपर्यंत. परदेशीं पुस्तिका नळ सोडून बसण्यास सांगते, कारण तेथें नळाचें पाणी थंड असतें. आपल्याकडे उन्हाळ्यांत टाकीचें पाणी 30 अंशांच्या आसपास वा त्याहून ऊन असतें. त्याहून खालीं काढा त्या पाण्यानें कसा उतरणार? म्हणून काम दोन टप्प्यांत करावें. प्रथम वेटोळ्यांतून विहिरीचें किंवा टाकीचें पाणी सोडून 95 वरून 40 अंशांवर आणावें. वीस लिटरांस सुमारें 90 ते 100 लिटर पाणी लागेल. तें गटारांत न सोडतां पिंपांत धरावें, प्रथमचें ऊन पाणी भांडीं धुण्यास व उरलेलें निवाल्यावर भाजीपाल्यास उपयोगी पडतें. नंतर काढ्याचें भांडें बर्फाच्या पाण्यांत ठेवून सारखें ढवळावें. 40 वरून 20 पर्यंत उतरविण्यास हिशेबानें चार किलो बर्फ पुरतो, परंतु हवेची उष्णता धरून सहा-सात किलो आणावा. बाजारचा बर्फ काढ्यांत कधींही टाकूं नये, बाहेरच ठेवावा.

वेटोळें व पंपाची नळी ह्यांत मागील खेपेचा काढा राहतो. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत वेटोळें काढ्यांत बुडवावें व उकळता काढा पंपांतून फिरवावा, म्हणजे दोन्हीं शुद्ध होतात. निवलेला काढा थंड ठेवून दोन दिवसांत संपवावा. तो आंबट नसल्यामुळें बाटलींत भरून महिनोन्‌महिने टिकविण्याचा प्रयोग कोणीं करूं नये.

शेवटीं एक विनंति. प्रत्येक खेपेस वहींत पांच गोष्टी टिपाव्या : मोड किती दिवस आणले, धान्याच्या पोटांतील उष्णता, आयोडीनचा रंग, गळण्यास लागलेला वेळ, आणि 60 वरून 20 अंशांवर येण्यास लागलेला वेळ. चार खेपांत आपली पुस्तिका आपणच लिहिलेली असेल, आणि ती आपल्या नाचणीची, आपल्या पाण्याची व आपल्या उन्हाळ्याची असेल.