चर्चशेजारचं घर कुणाचं?

प्रश्न : दक्षिण कोकणात फिरताना समुद्राजवळ एक लहानसं चर्च आणि त्याला लागून कौलारू घर दिसलं. ‘प्रेस्बिटेरियन मिशनचं आहे, पाळकसाहेब राहतात,’ असं कळलं. ते घर पाळकांच्या मालकीचं असतं का? आपल्या मराठवाड्यात हा पंथ आला होता का?
— एक वाचक, भोकर

उत्तर : घर मंडळीचं असतं. नेमणूक आहे तोवर पाळक राहणार, बदली झाली की सामान बांधणार. ही पद्धत स्कॉटलंडची. सोयीची खरी, पण कधी महागात पडणारी. पाळक नेमायचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, यावरून १८४३ मध्ये तिथे फूट पडली. साडेचारशेच्या वर पाळक बाहेर पडले आणि चर्चबरोबर राहतं घरही गेलं! मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेही या बाहेर पडलेल्यांच्या बाजूचे.

या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले ‘वडील’ आणि पाळक मिळून कारभार बघतात. आतही थाट नाही : मूर्ती नाहीत; प्रवचनाचं व्यासपीठ, प्रभुभोजनाचं साधं मेज आणि बाकं.

स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला उतरले, मग हर्णैला. १८२९ मध्ये आलेलं विल्सन दांपत्य मराठी शिकायला तिकडेच गेलं. पुढे त्यांचं बस्तान मुंबई-पुण्याला हललं. रत्नागिरी, वेंगुर्ल्याकडचं काम मात्र अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले आणि त्यांच्या मागून आलेले घाट उतरले. तुम्ही पाहिलेलं चर्च बहुधा यांच्यापैकी.

मराठवाड्याचं म्हणाल तर जालना. १८४३ मध्येच मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. हा माणूस आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक आहे, हे माझ्या मते अन्यायाचंच.

उत्तर भारतातले बहुतेक प्रेस्बिटेरियन १९२४ मध्ये संयुक्त चर्चमध्ये गेले. तेही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त विलीन झालं. तिथे बिशप आहेत, म्हणजे जे नको होतं तेही नांदतंच आहे.

पुन्हा गेलात तर रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी जा. घराचा फोटो मात्र विचारूनच काढा; आत कुणाचा तरी संसार असतो.