कंप्युटर सगळ्यात शेवटी

सातारा

चि. बाळास,


काल रात्री तुझ्या आईचा, आमच्या ताईचा, फोन आला. आजोबांच्या एस्टीमचं बॉनेट दोन आठवडे उघडं आहे, तू ऑफिसातून आलास की घरी न जाता थेट बेसमेंटमध्ये उतरतोस, आणि आता परदेशातून इंजिनचा कंप्युटर मागवतो आहेस, असं ती म्हणाली. एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण तिने पुढे सांगितलं की कंप्युटर बसला की शेजारी मित्र, त्याच्या मांडीवर लॅपटॉप आणि रात्री अकरानंतर नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढे गाडी पळवत ती ‘ट्यून’ करायची, असं तुमचं ठरलं आहे. ताई ऐकीव गोष्टीला घाबरते हे तुला माहीत आहे. ही ऐकीव असेल तर फार बरं. खरी असेल तर मात्र हे पत्र शेवटपर्यंत वाच.

गाडीला हात लावू नकोस असं मी सांगणार नाही. ती गाडी आजोबांनी तुझ्या नावावर केली ती तुला तिची ओढ आहे म्हणूनच. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. तू कंप्युटर आधी निवडतो आहेस आणि तो कोण, कुठे, कशावर लावणार हे नंतर बघणार आहेस. ते उलटं व्हायला हवं. इंजिनमध्ये खरोखर काय बदललं आहे ते आधी ठरव, मग मॅपिंग, म्हणजे कंप्युटरमध्ये हिशेब भरण्याचं काम, गाडी जागच्या जागी रोलरवर पळवणाऱ्या कुठल्या डायनोवर आणि कोणाच्या हातून होणार ते ठरव, आणि त्या माणसाला जो कंप्युटर तळहातासारखा माहीत आहे तो घे. म्हणजे कंप्युटरची निवड सगळ्यात शेवटी येते.

आधी गरजेचं पाहू. कारखान्यातून आलेल्या ईसीयूमध्ये, म्हणजे मूळ कंप्युटरमध्ये, त्या इंजिनच्या श्वासाचा हिशेब भरलेला असतो. किती आरपीएमला, किती दाबाला, किती हवा आत जाते, त्यावर पेट्रोल किती आणि ठिणगी कधी. श्वास बदलला की हिशेब चुकतो. ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी कोइंबतूरला जाणारे आपल्या पुण्याच्या कॉलेजांतले संघ बघ. त्यांतले बरेच जण चाकणला बनणारं केटीएमचं 373 सीसीचं इंजिन वापरतात, आणि स्पर्धेच्या नियमाने त्या इंजिनला सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एकाच तोंडातून घ्यावी लागते. असं गळा आवळलेलं इंजिन मूळ ईसीयूला ओळखूच येत नाही, म्हणून त्यांना प्रोग्रॅम करता येणारा कंप्युटर लागतो. तुझ्या एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन अजून मूळ कॅमशाफ्टवर असेल आणि फक्त एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलला असेल, तर ही गरज अजून आलेलीच नाही. कॅम बदललास किंवा चार सिलिंडरना चार स्वतंत्र थ्रॉटल बसवलेस तर मात्र येईल. तेव्हा मॅनिफोल्डमधला दाब इतका थरथरतो की त्यावर विसंबता येत नाही, आणि थ्रॉटल किती उघडा आहे त्यावरून हिशेब मांडावा लागतो.

तू म्हणशील, मग स्वस्तातला पिगीबॅक लावतो. तो मूळ ईसीयू आणि सेन्सर यांच्या मध्ये बसतो आणि सेन्सरचे आकडे फिरवून पुढे पाठवतो. पण मूळ ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघून साध्या चालीत हवा-पेट्रोलचं मिश्रण पुन्हा आपल्या जागी ओढून आणतो, आणि पूर्ण थ्रॉटलवर, जिथे तो त्या सेन्सरकडे बघत नाही, तिथे पिगीबॅकने केलेली चूक तशीच उरते. म्हणजे बदल टिकतो तो नेमका सगळ्यात धोक्याच्या जागी.

आता मुख्य मुद्दा. बाजारात हॅलटेक आणि मोटेक ऑस्ट्रेलियाचे आहेत, लिंक न्यूझीलंडचा, ईसीयूमास्टर पोलंडचा, शिवाय अमेरिकेतून आलेला मेगास्क्वर्ट. यातला कुठलाही तुझं चार सिलिंडरचं इंजिन व्यवस्थित चालवेल. 6000 आरपीएमला एका सिलिंडरला एक चक्र पुरं करायला 20 मिलिसेकंद मिळतात, आणि एवढ्या वेळात लागणारं गणित आजच्या कुठल्याही प्रोसेसरला जड नाही. फरक पडतो तो त्यातल्या हिशेबाच्या तक्त्यात काय भरलं आहे त्याने. 16 बाय 16 चा तक्ता म्हणजे 256 घरं, पेट्रोलचा एक आणि ठिणगीचा दुसरा. इंजेक्टर उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद घेतो, आणि बॅटरीचा दाब उतरला की जास्त घेतो. गाडी चालू इंजिनवर उभी असताना इंजेक्टर दोन-तीन मिलिसेकंदच उघडतो, म्हणजे त्यातला मोठा वाटा उघडण्यातच जातो. हा एक आकडा चुकला तर पावसात वायपर, हेडलाइट आणि एसी एकदम चालू केलास की सिग्नलला गाडी बंद पडेल, आणि तू दोष कंप्युटरला देशील.

दुसऱ्याच्या गाडीचा तयार मॅप आपल्याकडे का चालत नाही याचं एक कारण पंपावरच आहे. आता मिळतं ते ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई-20 ला सुमारे 13.5 पट. परदेशातल्या साध्या पेट्रोलवर बांधलेला मॅप तसाच्या तसा भरलास तर इंजिन सुमारे आठ टक्के लीन, म्हणजे तितक्या कमी पेट्रोलवर, चालेल. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेईल, पूर्ण थ्रॉटलवर कोणीच सांभाळणार नाही. त्यात उंचीची भर. पुण्यात हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल असतो, मुंबईला 101, महाबळेश्वरला 86 च्या आसपास. आणि खराडी बायपासच्या चौकात मे महिन्यात वीस मिनिटं अडकलास की बॉनेटखाली हवेच्या तापमानाचा सेन्सर स्वतःच भाजून निघतो. आत येणारी हवा आहे त्याहून गरम आहे असं तो कळवतो, गरम हवा विरळ म्हणून कंप्युटर पेट्रोल कमी करतो, आणि सिग्नल सुटल्यावर तू थ्रॉटल दाबतोस तेव्हा मिश्रण लीन असतं. ही दुरुस्ती खोक्याच्या किमतीत येत नाही. ती करायला आपल्याकडच्या उन्हात, आपल्याकडच्या पेट्रोलवर गाड्या लावलेला माणूस लागतो.

यावर तुझं उत्तर मला ठाऊक आहे. मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवू, ऑटोट्यून चालू करू, गाडी चालवता चालवता तक्ता आपोआप भरेल. बाळा, ऑटोट्यून फक्त पेट्रोलचा तक्ता भरतो. ठिणगी किती अंश आधी पडावी हे एक्झॉस्टमधला सेन्सर सांगू शकत नाही. ते टॉर्क मोजून आणि नॉकिंग ऐकून ठरवायचं असतं, आणि पिस्टन जळतात ते बहुतेक तिथे चुकल्यावर. डायनोवर गाडी 5000 आरपीएमला पूर्ण लोडवर जागेवर धरून ठेवता येते. एकेक अंश पुढे-मागे करून टॉर्क वाढतो की थांबतो हे बघता येतं, आणि नॉक ऐकू आला की तिथेच थांबता येतं. रस्त्यावर तेच घर भरायचं तर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी शंभराच्या आसपास असशील, आणि पूर्ण थ्रॉटलवर गाडी तिथे थांबत नाही, पुढे जातच राहते. मित्राचे डोळे लॅपटॉपवर, तुझेही अर्धे तिथेच. समोर रांजणगाव एमआयडीसीला निघालेले ट्रक, हंगाम असला तर मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहितो आहे. बाकी सगळं चुकलं तर इंजिनचं काम निघेल, आणि इंजिन पुन्हा बांधता येतं.

तू सॉफ्टवेअरमधला आहेस, म्हणून स्पीडुइनो या कंप्युटरकडे तुझं मन ओढलं असेल. सगळा कोड उघडा, आणि चालतो 16 मेगाहर्ट्झच्या आर्डुइनो मेगावर. मला त्याचं कौतुकच आहे. एवढ्याशा बोर्डावर इंजिनं नीट चालतात यावरून माझंच म्हणणं खरं ठरतं की अडचण प्रोसेसरची नसते. पण तुझ्या ऑफिसात प्रोग्रॅम अडकला तर परत चालू करता येतो. इथे अडकला आणि इंजेक्टर उघडा राहिला तर सिलिंडरमध्ये पेट्रोल भरतं, आणि कॉइल भारलेली राहिली तर जळते. 6000 आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे 28 मायक्रोसेकंद. क्रँक सेन्सरच्या तारेत इग्निशनचा आवाज शिरला तर कोड कितीही चांगला असो, ठिणगी भलत्याच वेळी पडेल. म्हणून तो घेतलास तर प्रोग्रॅमिंगइतकाच वेळ वायरिंगला दे. सेन्सरची अर्थिंग वेगळी, ती कंप्युटरच्याच पिनेवर नेलेली. जोड नीट क्रिंप केलेले, कारण डाग दिलेली तार इंजिनच्या थरथरीने नेमकी डागाच्या कडेला तुटते. आणि खोकं गाडीच्या आत, डॅशबोर्डमागे. बॉनेटखाली जुलैचा पाऊस त्याला सोडणार नाही.

ट्यूनरकडे, म्हणजे मॅपिंग करणाऱ्याकडे, जाशील तेव्हा ‘तुम्ही कुठल्या सॉफ्टवेअरवर रोज बसता?’ हे आधी विचार. त्याने सांगितलेल्या कंप्युटरांपैकी ज्यात इंजिन वाचवायची सोय आहे तो निवड. मिश्रण लीन झालं, ऑइलचा दाब पडला, पाणी तापलं, तर स्वतःहून आरपीएम तोडणारा. क्रँकच्या चाकाची दात-रचना ओळखणारा, इथेनॉल सेन्सर जोडता येणारा. रंगीत डिस्प्ले आणि लाँच कंट्रोलचे पैसे डायनोच्या तासांना ठेव. बजेट आखताना कंप्युटर अर्धाच धर. उरलेले पैसे वाइडबँड, वायरिंगचा हार्नेस, इंजेक्टर आणि जुने रबरी पेट्रोल पाइप खाऊन टाकतील, आणि ई-20 वर ते पाइप तसेही बदलावेच लागतील.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा घातली. आरसी बुकात कंप्युटरचा उल्लेखच नाही, असं तू म्हणशील. नाही हे खरं. पण कलम 190 धुराचंही बोलतं, 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. एस्टीम 2007 नंतर बनली नाही, म्हणजे तुझी गाडी पंधरा वर्षं कधीच ओलांडून गेली आहे आणि नोंदणीच्या नूतनीकरणाला तिला आरटीओसमोर उभं राहावं लागतं. तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नकोस, मूळ ईसीयू आणि हार्नेस कापू नकोस, डब्यात जपून ठेव. गाडी परत होती तशी करता आली पाहिजे. आणि शर्यतीचीच करायची असेल तर मन घट्ट करून तिला रस्त्यावरून काढ आणि ट्रेलरवर ट्रॅकला ने.

फार बोललो. तुझ्या वयात आम्हीही वेगालाच हुशारी समजत होतो, आणि ज्यांनी अडवलं त्यांना भित्रे म्हणालो. त्याची हळहळ अजून आहे. ती कागदावर मांडत नाही, पण ताईचा फोन आला की ती वर येते. तू आमच्यापेक्षा पुष्कळ शहाणा आहेस. दोन आठवडे रोज रात्री बेसमेंटमध्ये बसून एक जुनी मोटार समजून घेणं सोपं नाही. आजोबा असते तर शेजारी स्टूल टाकून बसले असते आणि तुला पाना देत राहिले असते.

खोकं अजून मागवलं नसशील तर महिनाभर थांब. आधी एखाद्या डायनोवर दुसऱ्याची गाडी लावताना दिवसभर उभा राहून बघ. तुझ्या गाडीचा दिवस ठरला की मला कळव, पहाटेच्या एसटीने निघून दहापर्यंत खराडीला पोचतो. लॅपटॉप मीच धरीन, पण गाडी रोलरवर असताना. नगर रस्त्याला रात्री जाऊ नकोस, बाळा. आणि हे पत्र वाचलंस की आधी ताईला फोन कर, ती जागी असेल.

तुझा,
मामा