जुनं पिलर ड्रिल काढण्याआधी

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. अमोल यास,


जुनं पिलर ड्रिल भंगारात घालून नवं बेंच ड्रिल घ्यायचं तुझ्या मनात आहे. घे, पण मशीनचं वय, उडालेला रंग किंवा आजोबांची आठवण यांवर निकाल लावू नकोस. डायल गेज लाव.

आधी चक काढ. डायलचं टोक स्पिंडलच्या टेपरला आतून टेकव आणि स्पिंडल हातानं फिरव. काटा ५० मायक्रॉनच्या आत राहिला, तर आपल्या कामाला स्पिंडल चांगला आहे. मग चकमध्ये ग्राइंड केलेली सरळ पिन धरून तसंच बघ. इथे काटा जास्त पळाला, तर दोष चकचा. चक बदललं की झालं.

आता क्विल पूर्ण खाली घे आणि बाजूला रेट. क्विल जागेवर राहून आतला स्पिंडल हलला, तर बेअरिंग गेली. ती बाजारात मिळतात. क्विलच हलली, तर हेडमधलं बोअर झिजलंय. तिथे बोअरिंग करून स्लीव्ह बसवण्याचा खर्च आधी विचार. बोअर फार गेलं असेल किंवा कास्टिंगला तडा असेल, तर मशीन खुशाल काढ. बेल्ट, मोटर, हँडलचा ढिलेपणा ही काढण्याची कारणं नव्हेत.

दुसरं म्हणजे गेल्या काही महिन्यांची कामं काढून बघ. माइल्ड स्टीलला एचएसएस ड्रिलचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला, तर २५ मिमीच्या होलला साधारण ३२० आरपीएम लागतात. लहान बेंच ड्रिल बहुधा इतकं खाली उतरत नाही. मग वेग जास्त होऊन ड्रिलची धार जळते. उलट ३ मिमीला २,६०० च्या पुढे लागतात आणि तिथे आपलं जुनं मशीन कमी पडतं. बारीक होलची कामं वाढली असतील, तर छोटं मशीन जोडीला घे, बदली म्हणून नको.

जुनं ठेवलंस, तर बेल्टवर गार्ड, हाताशी इमर्जन्सी स्विच आणि नीट अर्थिंग आधी कर. हातमोजे घालून कुणालाही ड्रिलवर उभं करू नकोस. यात काटकसर चालणार नाही.

डायलचे आकडे मला लिहून पाठव. तोवर भंगारवाल्याला बोलावू नकोस.

तुझा,
काका