रंगीत हिरा आणि रंगहीन हिरा : मोलाचे गणित

हिरा जितका पाण्यासारखा स्वच्छ तितका मोलाचा, असा आपला समज आहे. त्र्यंबकेश्वर देवस्थानातील, १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेलेला 'नाशिकचा हिरा' याच जातीचा. रंगहीन हिऱ्यांची प्रत 'डी' ते 'झेड' अशी ठरवतात. पिवळसर झाक वाढेल तसा भाव उतरतो. पण हीच झाक 'झेड'पलीकडे जाऊन ठळक रंग बनली, की भाव पुन्हा चढतो!

गोवळकोंड्याचेच दोन हिरे घ्या. ७६.०२ कॅरटचा रंगहीन 'आर्चड्यूक जोसेफ' २०१२ च्या लिलावात सुमारे २.१५ कोटी डॉलरना गेला, ३४.६५ कॅरटचा गुलाबी 'प्रिन्सी' २०१३ मध्ये सुमारे ३.९३ कोटींना. म्हणजे कॅरटमागे गुलाबी चौपट महाग.

मग रंगाला मोल आहे काय? नव्हे, दुर्मिळतेला आहे. तपकिरी हिरेही रंगीतच. पण ते विपुल, म्हणून स्वस्त. साध्या हिऱ्यावर किरणांचा मारा करूनही रंग आणता येतो. त्याला नैसर्गिक रंगाचा भाव नाही. दोन्ही नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. तेव्हा आपल्या शेजारच्या सुरतेत घ्या की मुंबईत, रंग नैसर्गिक असल्याचे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहिल्यावाचून रंगापायी जादा पैसा मोजू नये.