गाण्यांची पारख

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४-२३, १८:६-११. प्रेषितांची कृत्ये १९:१८-१९. १ थेस्सलनीकाकरांस ५:२१.

पुष्कळ ख्रिस्ती घरांत माळ्यावर कॅसेटींची एखादी पेटी असते. तीत भक्तिगीते, सिनेमाची गाणी, लग्नातली बँडची रेकॉर्डिंगे, सारे एकत्र असते. पेटी आवरायची वेळ आली की कोणी म्हणतो, सिनेमाचे तेवढे फेकावे; कोणी म्हणतो, हल्ली मोबाइलवर सर्व मिळते, पेटीच फेकावी. दोघेही न ऐकताच निकाल देतात. पौल मात्र प्रथम पारख करावयास सांगतो व मग चांगले ते धरून ठेवावयास. न ऐकता पारख होत नाही.

शौलाचे उदाहरण पाहू. दावीद वीणा वाजवी तेव्हा शौलाच्या जिवाला आराम पडे. पुढे स्त्रियांनी डफ वाजवून विजयाचे गाणे गाइले. त्यात शौलाचीही स्तुती होती. परंतु दाविदाची अधिक होती, म्हणून त्याच्या मनात हेवा शिरला. दुसऱ्याच दिवशी, दावीद वीणा वाजवीत असता, शौलाने त्याच्यावर भाला फेकला. वीणा तीच, वाजविणारा तोच. अंतःकरण मात्र पालटले होते. तेव्हा ‘या गाण्यात काय आहे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘हे माझ्यात काय जागे करते?’ हेही विचारावे. आईची आठवण करून देणारे सिनेमाचे गाणे कदाचित टिकेल. दुसऱ्याच्या धर्माची टिंगल करणारे गाणे भक्तीचे म्हणविले तरी टिकणार नाही.

इफिसातील लोकांनी जादूची पुस्तके जाळली, त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली. पण ती त्यांनी आपण होऊन आणली होती. शेजाऱ्याचे घर कोणी धुंडाळले नाही. बापाने मुलाची पेटी त्याच्यामागे रिकामी करू नये. दोघांनी बसून ऐकावे.

रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांनी आपल्या लोकांचे ओवी-अभंग टाकून दिले नाहीत. त्याच छंदांत प्रभू येशूचे स्तवन रचले. ‘उपासना संगीता’तील त्यांची गीते मंडळ्या आजही गातात. पारख म्हणजे काय, ते येथे दिसते.

आमच्या बऱ्हाणपुरात घरी मराठी आणि शाळा-बाजारात हिंदी. मुले हिंदी कोरस चटकन उचलतात. जुन्या मराठी गीतांच्या चाली मात्र वडीलधाऱ्यांच्या कंठातच राहतात. गीताचे शब्द पुस्तकात सापडतील, पण आजी ते ज्या चालीवर गात असे, ती चाल एखाद्या घरगुती कॅसेटीतच उरलेली असू शकेल. अशी कॅसेट टाकली की मोबाइलवर शोधूनही ती मिळणार नाही. म्हणून पेटीतील बिननावाची कॅसेट सर्वांत आधी ऐकावी. बरीच वर्षे पडून असेल, तर वाजविण्यापूर्वी फीत एकदा पुढे व एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी. ठेवायची ठरल्यास मागच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची टोके मोडावीत, म्हणजे चुकून तीवर दुसरे रेकॉर्ड होणार नाही. मग नाव व साल लिहून तिची मोबाइलवर नक्कल करावी.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न :

१. शौलाला आराम कशाने पडला व हेवा कशाने वाटला?
२. कोणते गाणे ऐकल्यावर आपले मन कृतज्ञ होते? कोणते ऐकल्यावर कडू होते?
३. आपल्या घरातील कोणते गीत केवळ एकाच व्यक्तीला येते? पुढच्या रविवारच्या आत ते तिच्याकडून शिकून या.