आधी आपल्या जिल्ह्याचे आकडे वाचायला शिका

मुलीने ग्रामविकास, कृषी अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण शिकायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "पुढे नोकरी काय?" फी सोयाबीनच्या पैशातून भरायची असेल तर तो विचारायलाच हवा. कृषी खात्याच्या स्पर्धा परीक्षा, बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, स्वयंसेवी संस्था, सर्वेक्षण आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्था, विद्यापीठं अशी ठिकाणं आहेत. सुरुवात बहुधा कंत्राटी प्रकल्प सहायक म्हणून होते. पगार बेताचा, फिरती भरपूर. त्यापुढची वाट त्यालाच लवकर सापडते, ज्याला एखाद्या प्रश्नावरची भरवशाची माहिती हुडकता येते आणि पारखताही येते. हे धाराशिवात बसून, कुठलाही क्लास न लावता शिकता येतं.

समजा, कळंबच्या एका विद्यार्थिनीला शोधायचंय की आपल्याकडची ज्वारी कमी कशी होत गेली. तिने उस्मानाबाद (म्हणजे आताच्या धाराशिव) जिल्ह्याचे १९८० आणि १९८५चे आकडे शेजारी ठेवले तर पेरा एकदम कोसळलेला दिसेल. दुष्काळ पडला म्हणावं की धोरण बदललं? खरं कारण असं की १९८२मध्ये लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके वेगळे काढून लातूर जिल्हा झाला. ज्वारी रानातच होती, जिल्ह्याची हद्द हलली. म्हणून तुलना तालुकावार करायची, आणि तीही जपून, कारण वाशी आणि लोहारा हे तालुकेसुद्धा नंतरचे आहेत. आणखी मागे जायचं तर १९५१ची जनगणना हैदराबाद राज्याच्या खंडांत बघावी लागते. १९५६पर्यंत आपण त्या राज्यात होतो. शोधताना 'धाराशिव' आणि 'उस्मानाबाद' ही दोन्ही नावं टाकायची. जिल्ह्याचं नाव २०२३मध्ये बदललं, त्याआधीचं बहुतेक साहित्य जुन्या नावाखालीच सापडतं.

पहिलं पुस्तक कोणतं उघडायचं, तर जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. पिकं, सिंचन, शाळा, रस्ते, सगळं त्यात आहे. गावनिहाय सोयींसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जमीनधारणेसाठी १९७०-७१पासून दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना, विहिरींच्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा.

शोधप्रबंधांकडे मुलं सहसा वळत नाहीत, आणि मला तेच सर्वांत मोठं नुकसान वाटतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश'वर, इतर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. प्रबंधाच्या शेवटी जोडलेली प्रश्नावली वाचा. शेतकऱ्याला काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं, हे तिथे कळतं. प्रबंधांसारख्याच गावपातळीच्या नोंदीही कामाच्या. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या कळमण आणि शिरापूर या गावांत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५पासून त्याच कुटुंबांच्या शेतीची, मजुरीची, कर्जाची नोंद ठेवली. जगभरचे अर्थशास्त्रज्ञ ती वापरतात, आणि ती गावं आपल्यापासून एसटीच्या अंतरावर आहेत.

धोरणाची आवड असलेल्यांनी प्रादेशिक असमतोलावरचा १९८४चा दांडेकर समितीचा आणि २०१३चा केळकर समितीचा अहवाल लागोपाठ वाचावा. मराठवाड्याचा अनुशेष मोजायची पद्धतच कशी बदलली ते दिसेल. १९९३च्या भूकंपानंतरचं पुनर्वसन असो की हवामानबदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीचा पोकरा प्रकल्प, जागतिक बँकेचे अहवाल तिच्या संकेतस्थळावर खुले आहेत. खरीप २०२०च्या पीकविम्याचा आपल्या जिल्ह्याचा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. योजनेच्या अटी प्रत्यक्षात कशा लागू होतात, हे अशा निकालपत्रांतून जितकं समजतं तितकं पाठ्यपुस्तकातून समजत नाही.

तुळजापुरात १९८६पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रही तिथेच. प्रवेश घ्यायचा असो वा नसो, तिथल्या शिक्षकांना एक नेमका प्रश्न लिहून पाठवा. "शेतीबद्दल माहिती हवी" याला कोणी काय उत्तर देणार? "वाशी तालुक्यात तुरीचा पेरा केव्हापासून घटला, हे कुठे बघू?" याला उत्तर देता येतं.

कापणीच्या दिवसांत गावात पीक कापणी प्रयोग होतो, तो एकदा पूर्ण बघा. निवडलेल्या शेतात तुकडा मोजून आखतात, त्यातलं पीक कापून मळतात, वजन करतात. अशा थोड्या तुकड्यांवरून अख्ख्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन ठरतं, आणि विम्याचं गणित त्यावर चालतं. तुकडा कोणी निवडला, वजन कधी केलं, हे वहीत टिपून ठेवा.

पालकांनाही यात काम आहे. आडत्याने दिलेल्या जुन्या हिशेबपट्ट्या, विम्याच्या पावत्या, खताची बिलं रद्दीत घालू नका. तारीखवार लावून मुलांच्या हाती द्या. पट्टीवरचा भाव आणि त्या दिवशी 'अ‍ॅगमार्कनेट'वर नोंदलेला बाजार समितीचा भाव शेजारी मांडला, हमाली-तोलाई वजा केली, प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला ते लिहिलं, की मुलाखतीला सोबत न्यायला दोन पानांचा पहिला अभ्यास तयार होतो.